डिजिटल निसर्गचित्रातले बॅकग्राउंडचे रंग

डिजिटल निसर्गचित्रात बॅकग्राउंड म्हणजे आकाश, लांबचे डोंगर, क्षितिजाजवळची झाडी, थोडक्यात बघणाऱ्यापासून दूर असलेलं सगळं, आणि त्याचा रंग ठरवायचा म्हणजे खरं तर मधल्या हवेचा रंग ठरवायचा. चित्र काढायचं ॲप कुठलंही असो, फोटोशॉप घ्या, प्रोक्रिएट घ्या नाहीतर फुकट मिळणारं क्रिटा, कलर व्हीलवर (रंगांच्या चकतीवर) हवा तो रंग तयार असतो आणि नवीन माणूस तिथेच फसतो, डोंगर हिरवा म्हणून हिरवा उचलतो, आकाश निळं म्हणून निळं, आणि मग पाच मैलांवरचा डोंगर समोरच्या झाडाला चिकटून बसतो.

हवेतले रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये याचं गणित मांडलं, त्या हिशोबाने ४५० नॅनोमीटरचा निळा ७०० नॅनोमीटरच्या लालपेक्षा जवळजवळ सहापट विखुरतो. त्यामुळे डोंगर जितका लांब तितकी मध्ये हवा जास्त, तितका तो फिकट, निळसर आणि आकाशाच्या रंगाकडे सरकलेला. चित्रकारांना हे त्याच्या कितीतरी आधीपासून डोळ्यांनीच कळलेलं होतं, लिओनार्दो दा विंचीने (१४५२–१५१९) ते लिहूनही ठेवलंय. मराठीत याला वातावरणीय यथादर्शन म्हणतात, बोलताना मात्र एरिअल पर्स्पेक्टिव्ह.

सह्याद्रीत हे अगदी उघड दिसतं. हिवाळ्यात सकाळी घाटमाथ्यावरून कोकणाकडे बघा, एकामागे एक चार-पाच रांगा असतात आणि प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा एक पायरी फिकट. हेच ॲपमधल्या रंगाच्या स्लायडरवर मांडायचं, म्हणजे ह्यू (रंग कोणता ते, चकतीवरच्या अंशांत), सॅच्युरेशन (रंगाचा तजेला, टक्क्यांत) आणि ब्राइटनेस (उजळपणा, टक्क्यांत), तर समोरच्या उताराला ह्यू ११०, सॅच्युरेशन ५०, ब्राइटनेस ३० असं काहीतरी, आणि शेवटच्या रांगेला ह्यू २१०, सॅच्युरेशन १५, ब्राइटनेस ८०, मधल्या रांगा या दोन टोकांच्या मध्ये. हे आकडे पाठ करायचे नाहीत, दिशा लक्षात ठेवायची.

म्हणून आकाश आधी रंगवावं. प्रत्येक रांग वेगळ्या लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरावर) ठेवायची आणि दोन रांगांच्या मध्ये आकाशाच्याच रंगाचा एक लेयर १५-२० टक्के ओपॅसिटीने (म्हणजे बराचसा पारदर्शक) टाकायचा, सगळ्यात मागच्या रांगेवर असे तीन-चार थर आपोआप चढतात आणि हवा तयार होते, मागच्या प्रत्येक डोंगरासाठी वेगळा रंग शोधत बसावं लागत नाही. माझ्या मते ही एकच सवय बाकी सगळ्या टिप्सपेक्षा मोलाची आहे.

डोळ्यांवर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नये. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला वाटतो, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये यावर ग्रंथच लिहिला. फोटोतल्या ‘निळ्या’ डोंगरावर आयड्रॉपर (चित्रातला रंग उचलायचं टूल) ठेवला तर पुष्कळदा साधा करडा रंग हाती येतो, बाजूला पिवळं गवत असतं म्हणून तो निळा भासतो! आणि रात्री स्क्रीन पिवळट करणारा नाइट मोड चालू ठेवून रंग निवडले की सकाळी सगळं चित्र निळं पडलेलं दिसतं, हा अनुभव मी घेतलाय, त्यामुळे तो आधी बंद करावा.

‘लांबचं ते निळं’ हा काही कायमचा नियम नाही. सूर्यास्ताला सूर्याच्या बाजूचे डोंगर पिवळट-नारिंगी धुरकटीत विरतात, तिथे निळा टाकला तर खोटा दिसतो. पावसाळ्यात ढग खाली उतरलेले असतात, तिसरी रांग दिसतच नाही, सगळं पांढरट करडं, आणि जवळचं गवत तेवढं पेटल्यासारखं हिरवं. या हिरव्यासाठी ह्यू थोडा पिवळ्याकडे ओढावा, शुद्ध १२० वरचा हिरवा प्लास्टिकसारखा दिसतो.

फिकटपणा बरोबर जमलाय का हे बघायला सगळ्यात वर काळ्या रंगाने भरलेला लेयर ठेवून त्याचा मोड, म्हणजे खालच्या थरांत मिसळायची पद्धत, ‘कलर’ करायचा, चित्र ब्लॅक अँड व्हाइट दिसतं आणि कुठली रांग पुढे उडी मारतेय ते लगेच कळतं. मोठ्या आकाशात ग्रेडियंटला (हळूहळू बदलत जाणाऱ्या छटेला) पट्टे पडतात, कारण ८ बिटच्या फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनलला २५६ च पायऱ्या असतात, तेव्हा फाइल १६ बिटमध्ये ठेवावी किंवा वरून हलका नॉइज (बारीक दाणे) मारावा.