घरगुती वीजदाब वाढवणे

१०० ते १२७ व्होल्टच्या पुरवठ्यावर २२०–२४० व्होल्टचे उपकरण चालवायचे, तर मध्ये स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. जपानमध्ये घरगुती पुरवठा १०० व्होल्टचा, अमेरिका व कॅनडात १२० व्होल्टचा असतो. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. उपकरणाकडच्या (दुय्यम) वेटोळ्याचे वेढे पुरवठ्याकडच्या वेटोळ्याच्या दुप्पट, तर दाबही दुप्पट. ११०:२२० चा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टवर २४०, तर १०० व्होल्टवर २०० व्होल्टच देतो.

आधी उपकरणावरचे लेबल वाचावे. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिलेल्या चार्जरला पिनचा अ‍ॅडॅप्टर पुरतो. मात्र अ‍ॅडॅप्टर दाब वाढवत नाही. २३० व्होल्टची २००० वॅटची किटली १२० व्होल्टवर तशीच लावली, तर जेमतेम ५४५ वॅट उष्णता मिळते आणि पाणी उकळायला जवळपास चौपट वेळ लागतो. फ्रिजचे हाल याहून वाईट: कॉम्प्रेसर फिरत नाही, प्रवाह मात्र खेचत राहतो आणि ओव्हरलोड संरक्षकाने वेळीच तोडले नाही तर वेटोळे जळते.

दाब वाढला तरी शक्ती वाढत नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. हीच किटली २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेते. ट्रान्सफॉर्मरमार्गे १२० व्होल्टच्या बाजूने १६.७ अँपिअर आणि वर गाभ्या-तारेतला तोटा. उत्तर अमेरिकेत १५ अँपिअरच्या सर्किटवर सतत चालणारा भार १२ अँपिअरपर्यंतच धरतात, म्हणजे सुमारे १४४० व्होल्ट-अँपिअर (व्होल्ट गुणिले अँपिअर). ३००० व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला तरी ही मर्यादा हलत नाही. त्याची क्षमता उष्णतेच्या उपकरणासाठी वॅटेजच्या सव्वापट, मोटारीसाठी किमान तिप्पट घ्यावी, कारण सुरू होताना मोटार कित्येक पट प्रवाह खेचते. मोठा ट्रान्सफॉर्मर स्वतःच जोडताक्षणी क्षणभर मोठा प्रवाह ओढतो. भार नसतानाही ब्रेकर पडतो तो बहुधा यामुळे. म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर, मग उपकरण सुरू करावे.

बाजारातले बरेच संच ऑटोट्रान्सफॉर्मर असतात: एकच वेटोळे, मधून काढलेले जोडणीचे टोक (टॅप). ते हलके पडतात, पण उपकरणाला पुरवठ्यापासून विलग करत नाहीत. फेज व न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर २४० व्होल्टच्या बाजूची दोन्ही टोके जमिनीच्या तुलनेत प्रत्येकी १२० व्होल्टवर राहतात आणि एकच तार तोडणारा एकेरी स्विच बंद करूनही उपकरण जिवंत असते. प्लग उलटा बसणार नाही अशीच जोडणी हवी. अर्थिंगची तार सलग पुढे न्यावी.

ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही. ५० हर्ट्झची साधी इंडक्शन मोटार ६० हर्ट्झवर सुमारे २० टक्के जास्त वेगाने फिरते. पंखा किंवा पंप असेल तर भारही वाढतो. उलट, फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर गाभा संपृक्त होऊन (त्यात आणखी चुंबकत्व मावेनासे होऊन) गुणगुणतो आणि तापतो.

उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक घरांत मुळात १२० व्होल्टच्या दोन विरुद्ध फेज येतात. त्यांच्यामध्ये २४० व्होल्ट मिळतात. जड उपकरणासाठी इलेक्ट्रिशियनकडून दोन-पोल (दोन्ही फेज एकदम तोडणाऱ्या) ब्रेकरचे स्वतंत्र सर्किट ओढून घेणे हाच योग्य मार्ग. भिंतीवरच्या दोन वेगळ्या सॉकेटांतून तारा काढून २४० व्होल्ट कधीही करू नयेत: एक प्लग उपटला, की त्याच्या उघड्या पिनेवर उपकरणातून फिरून वीज येते.