फायलींची यादी क्रमाने येईलच असं नाही

२०१९ साली हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना एक विचित्र प्रकार आढळला. स्क्रिप्ट तीच, डेटा तोच, पण ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की उत्तर बदलायचं. ही स्क्रिप्ट, म्हणजे पायथन या संगणकीय भाषेतला छोटा प्रोग्रॅम, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. रेणूची रचना पडताळण्यासाठी ती एनएमआर या चुंबकीय चाचणीचे आकडे काढून द्यायची, आणि तिच्या मूळ लेखाचा संदर्भ शंभराहून अधिक शोधनिबंधांत आला होता. रसायनशास्त्राचं गणित बरोबर होतं. घोळ होता फोल्डरमधल्या फायली उचलण्यात. दोन-दोन फायली जोडीने वाचायच्या होत्या, आणि ग्लॉब हे पॅटर्नला जुळणाऱ्या फायली शोधणारं फंक्शन त्या नावाच्या क्रमानेच देईल असं गृहीत धरलं होतं. काही संगणकांवर क्रम जुळायचा, काहींवर जोड्याच चुकायच्या. दुरुस्ती एवढीच, की यादी आधी सॉर्ट करून घ्यायची.

क्रम बदलतो कारण पायथन तो ठरवतच नाही. ओएस मोड्यूलमधलं, फोल्डरमधली नावं देणारं लिस्टडिर असो की ग्लॉब, फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) ज्या क्रमाने नावं देईल त्याच क्रमाने ती पुढे येतात. विंडोजच्या एनटीएफएसवर ती सहसा अकारविल्हे मिळतात, म्हणून विंडोजवाल्याला ही चूक वर्षानुवर्षं दिसत नाही. पेन ड्राइव्हवरच्या फॅटमध्ये साधारण ज्या क्रमाने फायली लिहिल्या गेल्या तो क्रम मिळतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर नावांवरून काढलेल्या आकड्यांचा (हॅश) क्रम असतो, म्हणजे आपल्या दृष्टीने कसलाच नाही. क्रमाला महत्त्व असेल तिथे सॉर्टेड हे फंक्शन लावायचंच, त्यात आळस नको.

वेगाचं गणितही इथेच आहे. युनिक्स घराण्यात फोल्डर म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखा तक्ता: फाइलचं नाव आणि तिचा आयनोड क्रमांक. आकार, तारखा, परवानग्या हे सगळं आयनोडमध्ये, वेगळ्या जागी. लिस्टडिर फक्त नावं देतं. त्यातलं फोल्डर कोणतं आणि फाइल कोणती हे कळायला प्रत्येक नावामागे ऑपरेटिंग सिस्टिमला पुन्हा विचारावं लागतं. लाखभर फायली असतील तर लाखभर फेऱ्या. डिस्क नेटवर्कवर असेल तर हे चांगलंच जाणवतं.

गंमत अशी की ही माहिती बऱ्याचदा पहिल्याच फेरीत आलेली असते. विंडोज नावाबरोबर आकार आणि तारखाही देतं, लिनक्स आणि मॅक निदान प्रकार सांगतात. लिस्टडिर ती टाकून द्यायचं. २०१५ च्या पायथन ३.५ मध्ये आलेलं स्कॅनडिर ती जपून ठेवतं. त्याच्या मूळ प्रस्तावात नोंदवलंय की त्यावर बेतलेलं वॉक हे सबफोल्डरांतही फिरणारं फंक्शन विंडोजवर ८ ते ९ पट, तर लिनक्स-मॅकवर २ ते ३ पट वेगाने चाललं. आकार हवा असेल तर लिनक्सवर अजूनही प्रत्येक फाइलमागे एक फेरी पडतेच.

सबफोल्डरांसकट सगळं हवं असेल तर वॉक वापरा. प्रत्येक फोल्डरपाशी ते तीन गोष्टी देतं: पाथ, आतल्या फोल्डरांची यादी, आतल्या फायलींची यादी. नको असलेली फोल्डरं, उदाहरणार्थ गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचं लपलेलं फोल्डर, दुसऱ्या यादीतून काढली की वॉक तिकडे फिरकतच नाही. मात्र ती यादी जागच्या जागी बदलावी लागते. त्याच नावाने नवी यादी तयार केलीत तर वॉकला पत्ता लागत नाही आणि ते खुशाल आत शिरतं. कुठेही एरर येत नाही, म्हणून ही चूक शोधायला वेळ जातो.

न उघडणाऱ्या फोल्डरांबाबतही वॉक असंच गप्प बसतं. परवानगी नसेल तर ते फोल्डर सोडून पुढे जातं आणि यादी अपुरी राहते. बॅकअप तपासताना हे महागात पडेल. ऑनएरर या पॅरामीटरला स्वतःचं छोटं फंक्शन द्या आणि एरर निदान छापून घ्या. सिम्बॉलिक लिंकमागे, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीमागे, मात्र वॉक आपणहून जात नाही, आणि ते बरंच आहे, कारण लिंक वरच्याच फोल्डरकडे जात असेल तर तेच तेच फिरत राहील.

फक्त फोटो हवेत म्हणून स्टार डॉट जेपीजी असा पॅटर्न दिला, तर लिनक्सवर कॅमेऱ्यातल्या कॅपिटल अक्षरांच्या एक्स्टेंशनचे फोटो निसटतात. विंडोजवर निसटत नाहीत. त्यापेक्षा पाथलिब या मोड्यूलने सगळ्या फायली घ्या, एक्स्टेंशन लोअरकेस करा आणि मग तुलना करा. फोल्डरच्या नावात चौकोनी कंस असतील तर ग्लॉब त्यांना पॅटर्न समजतं आणि रिकामी यादी हातात ठेवतं. अशा वेळी नाव आधी ग्लॉबच्याच एस्केप फंक्शनमधून काढायचं.

देवनागरी नावांचं प्रकरण वेगळंच. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘महाराष्ट्र’ एवढ्यातच ३० बाइट संपतात. एकूण हिशेब ८५ चिन्हांचा. विंडोजवर मात्र अशी २५५ चिन्हं बसतात, त्यामुळे तिथलं शासन निर्णयाचं लांबलचक नाव लिनक्स सर्व्हरवर कॉपी होताना अडकतं.

‘दुसऱ्या सहामाहीचा निकाल’ ही फाइल घ्या. यातला अर्धा र काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून लिहितात, काही र आणि नुक्ता (खालचा टिंब) जोडून, तर काही र, हलन्त आणि न दिसणारं झीरो विड्थ जॉइनर टाकून. पडद्यावर तिन्ही सारखेच, पण पायथनला ती तीन वेगळी नावं. युनिकोडडेटा मोड्यूलच्या नॉर्मलाइझला एनएफसी हे एकसारखं रूप सांगितलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, तो रिप्लेस वापरून स्वतःच बदलावा लागतो. तुलनेआधी दोन्ही बाजूंची नावं याच गाळणीतून काढा.

सॉर्ट केल्यावरही ‘पान १०’ हे ‘पान २’ च्या आधी येतं, कारण तुलना अक्षराला अक्षर अशी होते. नावातले आकडे रेग्युलर एक्स्प्रेशनने वेगळे काढून इंट या फंक्शनने पूर्णांकात बदलले आणि तीच सॉर्टची की दिली की प्रश्न मिटतो. पायथनचं इंट देवनागरी आकडेही वाचतं, ‘१२’ दिलं तर बाराच मिळतात. अक्षरांत मात्र ळ हा ह नंतर न येता ल आणि व यांच्या मध्ये येतो, कारण युनिकोडमध्ये त्याची जागाच तिथे आहे.

यादी सीएसव्हीत काढून एक्सेलमध्ये उघडायची असेल तर फाइल लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, नाहीतर मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील. त्याच वेळी न्यूलाइन या पॅरामीटरला रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर दर ओळीनंतर एक कोरी ओळ येते. आणि याच यादीवरून फायलींची नावं बदलायची असतील तर आधी पूर्ण यादी मेमरीत घ्या, मग बदला. फिरता फिरता बदलत गेलात तर नवं नाव पुन्हा समोर येईल की नाही, याची हमी ऑपरेटिंग सिस्टिम देत नाही.