बालगंधर्व आणि कॅमेरा : आधीची दोन वळणं

६ मे २०११ रोजी रवी जाधव दिग्दर्शित 'बालगंधर्व' पडद्यावर आला, तेव्हा शालू, नथ आणि खोप्यातल्या सुबोध भावेंचं भरभरून कौतुक झालं. पण खुद्द बालगंधर्व, म्हणजे संगीत नाटकांत स्त्रीभूमिका गाजवणारे नट-गायक नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७), आणि सिनेमा यांचं नातं त्याच्या पाऊणशे वर्षं आधीचं. तेही फारसं गोड नाही.

१९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिलेले नारायणराव पुढली पंचवीसेक वर्षं मराठी रंगभूमीवर अक्षरशः नांदले. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग हात कधी आखडला नाहीच. उंची शालू, खरी अत्तरं, साथीला तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष. गल्ला भरायचा आणि कर्जही वाढायचं. ही हौस होती की व्यवहाराचं अज्ञान, यावर आजही वाद घालता येतो. मला दोन्ही वाटतं.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला, मराठी चित्रपट बोलू लागला आणि रात्र रात्र चालणाऱ्या संगीत नाटकांचा प्रेक्षक तिकडे वळला. कंपनी मोडकळीला आल्यावर नारायणरावांनी ज्या माध्यमाने पोटावर पाय आणला होता त्याच्याच दारात पाऊल टाकलं. प्रभात फिल्म कंपनीशी भागी झाली, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली १९३५ मध्ये 'धर्मात्मा' निघाला. आधीचं नाव 'महात्मा', पण त्यात गांधीजींचा वास येतो म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावलं. यात नारायणराव होते संत एकनाथ, म्हणजे पुरुषवेषात! ज्यांच्या पदराची लकब लोक घरी उचलत, ते संताच्या वेषात. भागी त्या एका चित्रपटावरच संपली.

१९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात, मीरा म्हणून दिसले. तेव्हा वय पन्नाशीला टेकलेलं. दिव्यांच्या उजेडात, दुरून दिसणारी रंगमंचावरची भामिनी ('मानापमान' नाटकाची नायिका) वेगळी. कॅमेरा तर थेट चेहऱ्याजवळ येतो. तोही डाव साधला नाही.

म्हणून ऐन भरातले बालगंधर्व आपल्याकडे उरले ते छायाचित्रांत आणि साडेतीन मिनिटांत पद उरकणाऱ्या ध्वनिमुद्रिकांत. अभिराम भडकमकरांची पटकथा, नितीन चंद्रकांत देसाई यांची निर्मिती आणि नीता लुल्लांची वेषभूषा यांना सगळा डोलारा त्यातूनच उभा करायचा होता. माझ्या मते सर्वांत अवघड काम होतं गळ्याचं, कारण त्या तबकड्या ऐकत वाढलेले कान अजून शाबूत होते. लहानपणी बालगंधर्वांची पदं गाऊन 'आनंद गंधर्व' म्हणवले गेलेले आणि पुढे भीमसेन जोशींकडे शिकलेले आनंद भाटे त्यासाठी गायले. त्याच गायनाबद्दल भाट्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.