अग्निरोधक तिजोरी आणि घरातील नाणेसंग्रह

घरी ठेवलेली नाणी आगीपासून वाचवण्यासाठी उष्णतारोधी अस्तराची तिजोरी वापरली जाते. साध्या तिजोरीची जाड पोलादी भिंत चोराला अडवते, पण उष्णता मात्र सरळ आत पोहोचवते. अग्निरोधक तिजोरीत दोन पत्र्यांमध्ये जिप्सम किंवा विशिष्ट काँक्रीट भरलेले असते. शुद्ध जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी बद्ध असते. तापल्यावर त्याची वाफ होते आणि बरीचशी उष्णता त्यातच खर्ची पडते. वजनाला हलक्या, स्वस्त पेट्या आग सोसतात, पण पहारीपुढे टिकत नाहीत आणि दोघेजण त्या उचलूनही नेऊ शकतात. म्हणून तिजोरी जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने जखडतात. भोके मात्र निर्मात्याने ठेवलेलीच वापरावीत, नवी पाडल्यास अस्तर भेदले जाते.

अमेरिकेतील यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या ‘यूएल ७२’ मानकानुसार ‘क्लास ३५०, एक तास’ या दर्जाची तिजोरी तासाभरात सुमारे ९२७° से. पर्यंत तापणाऱ्या भट्टीत ठेवतात. आतले तापमान १७७° से. च्या वर जाता कामा नये. ही मर्यादा कागदासाठी आखलेली आहे. नाणेसंग्राहकाचा हिशेब त्याहून वेगळा. सोने १०६४°, तांबे १०८५° आणि चांदी ९६२° से. ला वितळते, त्यामुळे सोन्याचा होन किंवा तांब्याची शिवराई (दोन्ही शिवकालीन नाणी) तिजोरीत वितळण्याची भीती जवळपास नाहीच. ॲल्युमिनियमचे तीन पैसे ६६०° ला वितळतात, तर सातवाहनांची शिशाची नाणी उघड्यावर असतील तर ३२७° लाच जातात. खरा घात होतो तो आवरणांचा. प्रमाणित (अस्सलपणा व दर्जा तपासून मोहोरबंद केलेल्या) नाण्यांच्या कडक पेट्या बहुधा पॉलिस्टायरीन किंवा ॲक्रिलिकच्या असतात आणि साधारण १००° च्या आसपास मऊ पडतात. पीव्हीसीची पाकिटे तापली की आम्लवायू सोडतात. नाणे शाबूत राहिले तरी पृष्ठभाग गेला, आणि संग्राहकाच्या लेखी किंमत पृष्ठभागालाच असते. अशा संग्रहासाठी संगणकीय माध्यमांकरिता असलेला ‘क्लास १२५’ दर्जा अधिक योग्य. त्यात आतले तापमान ५२° से. आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या आत राखावी लागते. त्या तिजोऱ्या महाग आणि अवजड असतात, हे ओघानेच आले.

आग क्वचितच लागते. दमट हवा मात्र रोजचीच. अस्तरातील ओल हळूहळू आत झिरपते आणि घट्ट बसणारे दार ती कोंडून ठेवते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बंद राहिलेल्या तिजोरीत तांब्याच्या नाण्यांवर कळंक चढतो. क्षारांचा संसर्ग झालेल्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी उमटून ते आतून पोखरले जाते. चांदी रबर, लोकर व काही पुठ्ठ्यांतील गंधकाने काळवंडते, तर शिसे लाकडातून सुटणाऱ्या आम्लवाफेने पांढरे पडते. यावर उपाय म्हणजे पॉलिएस्टरची पाकिटे किंवा निष्क्रिय प्लॅस्टिकच्या कॅप्सूल, हवाबंद डबे, आत छोटा आर्द्रतामापक आणि वेळोवेळी तापवून कोरडे केलेले, ओल शोषणारे सिलिका जेल. चिंच लावून घासलेली शिवराई मात्र कुठल्याच तिजोरीने पूर्ववत होत नाही.

आग विझल्यावर तिजोरी लगेच उघडू नये. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को जळाले, तेव्हा घाईने उघडलेल्या काही तिजोऱ्यांत हवा शिरताच आतले कागद पेटले. बँकांना तळघरे थंड होण्याची वाट पाहावी लागली. त्याच आगीत तिथली टांकसाळ वाचली. जाड दगडी भिंतींइतकेच त्याचे श्रेय अंगणातल्या विहिरीच्या पाण्याने तासन् तास झुंजलेल्या कर्मचाऱ्यांना जाते. घरातही तिजोरी पूर्ण गार झाल्यावरच उघडावी. आतली नाणी वाफेने भिजलेली असू शकतात. ती न घासता कडेने धरून काढावीत व वाळवावीत.

बँकेचा लॉकर हा दुसरा मार्ग, पण तिथेही भरपाईला मर्यादा आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा इमारत कोसळणे अशा प्रसंगी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. घरगुती विम्यातही नाणेसंग्रह आपोआप धरला जाईलच असे नाही. पॉलिसीत तो स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येक नाण्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन, व्यास आणि खरेदीची पावती यांची यादी करून तिची एक प्रत घराबाहेर ठेवतात.