माळवदाच्या तुळईचं जेवणाचं टेबल

नव्या फ्लॅटसाठी जेवणाचं टेबल करून घेताना 'जुन्या लाकडाचंच हवं' म्हणणारी गिऱ्हाइकं आता सोलापुरातही सुतारांकडे येतात. मोबाइलवर दाखवलेला फोटो बहुधा अमेरिकेतला असतो. तिकडे शेतावरच्या जुन्या कोठारांच्या फळ्यांना मोठा मान आहे, आणि तो उगाच नाही. चेस्टनट झाडांना मारणारी बुरशी १९०४ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा लक्षात आली. पुढच्या काही दशकांत अब्जावधी झाडं गेली. त्या लाकडाच्या रुंद फळ्या आज मुख्यतः जुन्या इमारतींतूनच निघतात.

आपल्याकडचं जुनं लाकूड येतं ते घराच्या छतातून.

सोलापूर, अक्कलकोट, बार्शी हा कमी पावसाचा मुलूख. इथलं जुनं घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या जाड भिंती, उथळ्यांवर, म्हणजे दगडी बैठकांवर, उभे खांब, खांबांवर तुळया, त्यांवर आडव्या दांड्या नि फळ्या, आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पारा ४३-४४ अंशांवर गेला तरी आत गारवा राही, तो या मातीमुळे. घर मोजायचं तेही खणांत, म्हणजे तुळयांमधल्या गाळ्यांत. किती खणांचं घर, यावरून घरमालकाची ऐपत कळायची.

या माळरानावर साग होत नाही. गावच्या साध्या घरांत बाभूळ नि कडुनिंब असायचा. साग दिसायचा तो पेठांमधल्या ऐपतदारांच्या वाड्यांत. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली आणि दूरच्या जंगलातलं इमारती लाकूड आणणं सोपं झालं. १८७७ मध्ये सोलापूरची 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, वस्ती वाढली, बांधकामं वाढली. टेबल मात्र त्या घरांत नव्हतं. जेवण पाटावर, पंगतीत. पण लाकूड पुन्हा वापरायची रीत तेव्हाही होतीच: खराब झालेल्या तुळईतून दाराची चौकट काढायची, उरल्यासुरल्याचा पाट.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपानं शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं घरातच गाडली गेली. घात केला तो सैल रचलेल्या दगडी भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्यानं. भिंती ढासळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिल्याचं कितीतरी ठिकाणी दिसलं. तरी लोकांच्या मनातून माळवद उतरलं ते कायमचं, आणि हे लाकडावर अन्यायाचंच झालं असं मला मनापासून वाटतं. सोलापूर जिल्ह्यातही स्लॅबची घरं वाढली, जुनी माळवदं उतरली, तुळया वखारीत आल्या.

त्याच काळात नवा साग दुर्मिळ होत गेला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. एप्रिल २०१४ पासून म्यानमारनं ओंडक्यांची निर्यात थांबवली. जुन्या वाड्यातल्या तुळईची किंमत वाढली ती त्यामुळे.

अशा तुळईचं टेबल करणं मात्र कष्टाचं. आधी चुना नि धुराची काजळी खरवडायची, मग एकेक खिळा शोधून उपटायचा. एक जरी आत राहिला तरी रंध्याचं पातं गेलं. कडेचं पांढरं लाकूड वाळवीला लवकर बळी पडतं, ते कापून टाकायचं. आतलं गाभ्याचं लाकूड इतकी वर्षं सुकलेलं असल्यानं ओल्या नव्या लाकडासारखं पिळत नाही. तरी ऋतूप्रमाणे ते थोडं फुगतं-आकसतंच, म्हणून वरची पाटी खालच्या चौकटीला घट्ट न जखडता हलायला जागा ठेवून बसवतात. दांड्यांच्या जुन्या खाचा काही जण भरून घेतात. मी तरी त्या तशाच ठेवायला सांगेन.

आणि गावच्या घरातून आलेलं लाकूड बाभळीचं असेल तर ते सागाच्या नावानं विकायची गरज नाही. बाभूळ जड आहे, घट्ट आहे. आपल्या बैलगाड्यांची चाकं तिचीच होती. घरभराच्या जेवणाचा भार तिला सहज पेलेल.