एक डीसीआय, चार सेल: कंट्रोल सिग्नलिंगच्या काटकसरीची पार्श्वभूमी

मोबाइल नेटवर्कवर डेटा येण्याआधी बेस स्टेशन हँडसेटला एक छोटी सूचना धाडतं: तुझा डेटा अमुक फ्रिक्वेन्सीवर, अमुक मॉड्युलेशनने येतो आहे, घे. या सूचनेला डीसीआय म्हणतात आणि ती पीडीसीसीएच या कंट्रोल चॅनेलवरून जाते. तिला लागणारी जागा डेटाच्याच वाट्यातून जाते. एकाच डीसीआयने चार सेलपर्यंतचं शेड्युलिंग (डेटा कधी, कुठे येणार हे ठरवून सांगणं) करण्याची सोय ३जीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज १८ या आवृत्तीत, म्हणजे अगदी अलीकडे आली. (इथे सेल म्हणजे टॉवर नव्हे, हँडसेटला जोडून दिलेला प्रत्येक कॅरियर, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, हा एक सेल धरतात.) इतकी सरळ गोष्ट व्हायला एवढा उशीर का, याचं उत्तर एलटीईच्या, म्हणजे ४जीच्या, पहिल्या आराखड्यापासून शोधावं लागतं.

रिलीज ८ च्या एलटीईत एक मिलिसेकंदाच्या सबफ्रेममध्ये सहसा १४ सिम्बॉल (प्रक्षेपणाचे वेळेतले छोटे तुकडे) असतात आणि त्यातले पहिले एक ते तीन कंट्रोलसाठी राखलेले असतात. तिन्ही वापरले तर पाचवा हिस्सा तिथेच गेला. त्यात आपली सूचना नेमकी कुठे आहे हे हँडसेटला आधी माहीत नसतं. तो ठरावीक जागा एकेक करून उलगडतो, शेवटचा १६ बिटांचा सीआरसी (चूक तपासण्याचे बिट) आपल्या ओळख क्रमांकाशी जुळतो का ते पाहतो, नाही जुळला तर पुढे सरकतो. असे प्रयत्न एका सबफ्रेममध्ये ४४ पर्यंत. याला ब्लाइंड डिकोडिंग म्हणतात, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा खलनायक तोच आहे. बिटांची बचत कागदावर कितीही सुंदर दिसली, तरी सूचनेचा एक नवा आकार वाढला की हँडसेटचे प्रयत्न वाढतात आणि त्याबरोबर बॅटरीचा खर्चही.

रिलीज १० मध्ये कॅरियर अॅग्रिगेशन आलं. २० मेगाहर्ट्झचे पाच कॅरियर एकत्र जोडून एकूण १०० मेगाहर्ट्झ. सगळ्या कॅरियरची सूचना एकत्र कोड करावी की प्रत्येकाची वेगळी, हे दोन्ही पर्याय तेव्हा चर्चेत होते. वेगळी ठेवण्याचा निर्णय झाला आणि तो शहाणपणाचा होता. सूचनेचे जुने फॉरमॅट, म्हणजे ठरलेले साचे, जसेच्या तसे वापरता आले. एकत्र सूचनेची लांबी कॅरियरच्या संख्येनुसार बदलली असती, म्हणजे पुन्हा ब्लाइंड डिकोडिंगची कटकट. शिवाय ती एक सूचना हुकली की सगळ्या कॅरियरवरचा डेटा एकदम हुकला असता. त्याच रिलीजमध्ये क्रॉस-कॅरियर शेड्युलिंगही आलं: तीन बिटांचं एक फील्ड जोडून एका कॅरियरवरून दुसऱ्याची सूचना देता येऊ लागली. पण त्याने सूचनेची जागा बदलली, संख्या नाही. रिलीज १३ मध्ये कॅरियरची मर्यादा ३२ वर गेली, तरी हिशेब तोच राहिला: जितके कॅरियर, तितक्या सूचना.

एनआरने, म्हणजे रिलीज १५ मधल्या ५जीच्या रेडिओ मानकाने, सीआरसी २४ बिटांचा केला. ब्लाइंड डिकोडिंगला कडक मर्यादा घातल्या: १५ किलोहर्ट्झ सबकॅरियर अंतरावर (कॅरियरमधल्या बारीक लहरींमधलं अंतर) स्लॉटमागे, म्हणजे वेळेच्या एका तुकड्यामागे, ४४ प्रयत्न, तर १२० किलोहर्ट्झवर फक्त २०. एका सेलसाठी सूचनेचे चारच आकार, त्यातले नेहमीच्या शेड्युलिंगसाठी तीन.

अडचण खरी जाणवली ती डीएसएसमध्ये (डायनॅमिक स्पेक्ट्रम शेअरिंग). एकाच कॅरियरवर ४जी आणि ५जी दोन्ही नांदवायचं, तर सुरुवातीचे सिम्बॉल एलटीईच्या कंट्रोलने व्यापलेले आणि पुढेही त्याचे रेफरन्स सिग्नल (मोजमापासाठीचे ठरलेले सिग्नल) विखुरलेले. एनआरच्या पीडीसीसीएचला उरेल तेवढ्यात भागवावं लागतं. आणि दूरवर पोचणारा म्हणून प्रायमरी, म्हणजे हँडसेटचा मुख्य, सेल बहुधा हाच खालच्या बँडचा, अरुंद कॅरियर असतो. रिलीज १७ ने उलटी वाट उघडली: सेकंडरी, म्हणजे जोडीच्या, सेलवरून प्रायमरी सेलचं शेड्युलिंग. एका डीसीआयने दोन सेल चालवण्याचाही तेव्हा अभ्यास झाला, पण तो मानकात उतरला नाही.

दोनच सेल जोडले तर सीआरसीचे २४ बिट वाचतात, वर काही सामायिक फील्ड. चार जोडले तर फक्त सीआरसीचेच ७२ बिट वाचतात. रिलीज १८ चे ०_३ (अपलिंकसाठी) आणि १_३ (डाउनलिंकसाठी) हे फॉरमॅट चारपर्यंत गेले ते म्हणूनच पटतं. डेटा मिळाला की नाही याचं उत्तर हँडसेटने कोणत्या पीयूसीसीएचवर (त्याच्याकडून जाणारा कंट्रोल चॅनेल) आणि कधी द्यायचं हे एकदाच सांगितलं तरी पुरतं. वेळेचं वाटप आधी ठरवलेल्या तक्त्यातली एक ओळ दाखवून सगळ्या सेलना देता येतं. मॉड्युलेशन, नवा डेटा की जुनाच पुन्हा, फ्रिक्वेन्सीचं वाटप या गोष्टी मात्र सेलगणिक वेगळ्याच ठेवाव्या लागतात, कारण प्रत्येक कॅरियरवर सिग्नलची अवस्था निराळी. त्यामुळे सूचना फुगते, आणि वर १४० बिटांची भिंत आहे. चुका सुधारता याव्यात म्हणून सूचना ज्या पद्धतीने कोड करतात त्या पोलर कोडिंगच्या रचनेमुळे डाउनलिंक सूचना त्यापलीकडे जात नाही.

सगळं एकदम हुकण्याची जुनी भीतीही गेलेली नाही. सिग्नल कमजोर असेल तर बेस स्टेशन तीच सूचना १६ सीसीईपर्यंत (कंट्रोलच्या जागेचे ठरावीक ठोकळे) पसरवू शकतं, पण मग वाचवलेली जागा परत खर्च होते. म्हणून जुने फॉरमॅट शाबूत ठेवले आहेत. चारपैकी एकाच सेलवरचा डेटा पुन्हा पाठवायचा असेल, तर त्यासाठी एका सेलचा साधा १_१ फॉरमॅट अजूनही चालतो.