व्यायामजन्य मळमळ आणि उलटी

अतिश्रमाच्या व्यायामात किंवा तो थांबवल्यानंतर थोड्याच वेळात मळमळणे, उमासे येणे आणि कधी प्रत्यक्ष उलटी होणे, या लक्षणसमूहाला व्यायामजन्य मळमळ म्हणतात. उलटीतून पिवळसर कडू द्रव पडला की गोव्यात ‘पित्त झाले’ असे म्हणून विषय मिटवला जातो. वास्तविक पोट रिकामे असताना जोराचे उमासे आले की लहान आतड्यातले पित्त उलट दिशेने जठरात येते, म्हणजे ते कारण नसून परिणाम असते.

मूळ कारण रक्ताच्या वाटपात आहे. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते आणि त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा पचनेंद्रिये व यकृत यांच्याकडे जातो. व्यायाम तीव्र झाला की अनुकंपी चेतासंस्था (श्रमाच्या वेळी शरीराला सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे) आतड्यांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करून हे रक्त स्नायूंकडे वळवते, त्यामुळे पचनमार्गाचा रक्तपुरवठा ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. कमाल ऑक्सिजन-क्षमतेच्या (शरीर जास्तीत जास्त जितका ऑक्सिजन वापरू शकते त्याच्या) साधारण ७० टक्क्यांपलीकडे श्रम गेले की जठर रिकामे होण्याचा वेगही मंदावतो आणि आधी खाल्लेले अन्न तिथेच डचमळत राहते. अस्वस्थ जठराचे संदेश प्राणेशा चेतेमार्फत (जठर आणि मेंदू यांना जोडणाऱ्या ‘व्हेगस’ मज्जातंतूमार्फत) मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेपर्यंत पोहोचतात आणि तिथून वांतीची प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते. चारशे-आठशे मीटरसारख्या छोट्या पण जीव खाऊन धावण्याच्या शर्यतींनंतर होणाऱ्या उलटीत, स्नायूंतील आम्ल साचून रक्ताची आम्लता वाढणे याचाही वाटा मानला जातो.

गोव्याच्या किनारपट्टीवर या वाटपात त्वचा ही तिसरी हक्कदार ठरते. दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही. शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त धाडावे लागते, घामावाटे पाणी कमी होते आणि आतड्यांच्या वाट्याला आणखी कमी रक्त उरते. पणजीत मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ शर्यतीत १.९ किमी समुद्रात पोहणे, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणे असा क्रम असतो. तिथे गिळले गेलेले खारे पाणी आणि लाटांमुळे अंतर्कर्णाच्या समतोलात होणारा बिघाड ही मळमळीची वेगळी कारणे वर जोडली जातात.

नारळाच्या रसातली आमटी, तळलेली मासळी यांसारखे स्निग्ध जेवण जठरातून सावकाश सरकते, म्हणून ते आणि कठोर सराव यांत तीनएक तासांचे अंतर हवे. त्यामानाने मीठ घातलेली पातळ पेज हलकी पडते. अतिगोड पेये जठरात पाणी रोखून धरतात, तर आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके आतड्याच्या अस्तराला इजा करतात. धावणे एकदम थांबवल्यास रक्त पायांत साचून रक्तदाब उतरतो व मळमळ वाढते, त्यामुळे शर्यत संपल्यावर काही मिनिटे चालत राहणे बरे.

विश्रांतीने बहुतेकांची मळमळ तासाभरात ओसरते. मात्र पाणी अतिरेकाने प्यायल्यामुळे रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेल्यासही उलट्या होतात; अशा वेळी आणखी पाणी पाजणे घातक ठरते. उलटीबरोबर बरळणे किंवा तोल जाणे दिसले आणि शरीराचे आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर असले, तर तो उष्माघात समजून रुग्णाला जागीच थंड पाण्यात बुडवावे लागते. छातीत दडपण येऊन मळमळत असल्यास हृदयविकाराची शंका घेतली जाते.